आडवी आलेली गाय

श्रावण वद्य चतुर्दशी ही अहिल्यादेवी होळकरांची पुण्यतिथी. त्या दिवशी इंदुरात देवींची पालखी निघते, आणि त्या सुमारास येथील मराठी मंडळींच्या देवळांतून जी कीर्तने होतात त्यांच्या उत्तररंगात एक आख्यान बहुधा ठरलेले असते. २०२५ साली देवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने हे आख्यान पुन्हा अनेकांच्या कानी पडले. आख्यान जुने आहे, श्रोत्यांना ते पाठ आहे, आणि तरीही ते रंगते. रंगणाऱ्या कथेची परीक्षा करणे हे टीकाकाराचे काम आहे असे मी मानते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कथा अशी. राजवाड्याजवळच्या रस्त्याने देवींचे चिरंजीव मालेराव यांचा रथ भरधाव गेला. रथाखाली एक वासरू सापडून गतप्राण झाले. गाय त्या वासराजवळ बसून राहिली. थोड्या वेळाने देवींची स्वारी तेथून जात असता त्यांनी चौकशी केली; पण राजपुत्राचे नाव घ्यायला कोणी धजेना. खरे कळले तेव्हा देवी वाड्यात गेल्या आणि सुनेला त्यांनी विचारले, "आईदेखत तिच्या लेकराला चिरडणाऱ्यास कोणता दंड द्यावा?" सून उत्तरली, "तेच मरण." देवींनी मुलाचे हातपाय बांधवून त्याला रस्त्यात निजवले. सारथ्य करायला कोणी पुढे होईना, तेव्हा लगाम स्वतःच्या हाती घेतला. रथ सुटणार तोच ती गाय आडवी आली. तिला बाजूला सारले, ती पुन्हा आडवी आली. शेवटी कारभारी म्हणाले, "मातोश्री, दुसऱ्या एका आईच्या वाट्याला आपले दुःख येऊ नये असे ही मुकी माय सांगते आहे." रथ थांबला. गाय जेथे आडवी आली तो आडा बाजार.

येथे बुवा क्षणभर थांबतात, झांजा वाजतात, आणि सभेतून "धन्य ती माउली" असा उद्गार निघतो. तो उद्गार लगाम धरणाऱ्या माउलीसाठी असतो. गायीसाठी तो असतो असे मला कधी जाणवले नाही. पुष्कळ वर्षे माझेही हात त्या टाळ्यांत होते. दोन वर्षांपूर्वी ते उचलले नाहीत. त्याचे कारण पुढे येईल. प्रथम कथेचा विचार करू.

मी व्यवसायाने वकील आहे. कोणताही निवाडा समोर आला की तो देणाऱ्यास तसा अधिकार होता काय, हे आम्ही आधी पाहतो. त्या दृष्टीने ही कथा पहिल्याच पायरीवर अडखळते. देवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव २० मे १७६६ रोजी वारले. त्यांच्यामागून सरदारकीची वस्त्रे नातू मालेराव यांना मिळाली, आणि १७६७ साली, वर्ष पुरे होण्याच्या आत, तेही गेले. मल्हाररावांच्या हयातीतच देवी दौलतीचा पुष्कळ कारभार पाहत हे खरे. तथापि त्यांची स्वतःची म्हणून जी राजवट १७९५ पर्यंत चालली ती मुलाच्या मृत्यूनंतर सुरू झाली. ज्या काळात मालेराव गुन्हेगार म्हणून उभे राहू शकत होते, त्या काळात न्यायासनावर देवी नव्हत्या. आणि देवी ज्या काळात न्यायासनावर होत्या, त्या काळात मालेराव या जगात नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की कथा एकट्या इंदूरची नाही. तमिळ देशात तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाची हीच कथा सांगतात. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरते, गाय राजद्वारीची न्यायघंटा वाजवते, राजा आपल्या पुत्रावरून रथ नेतो, आणि प्रत्यक्ष शंकर प्रकट होऊन वासराला व राजपुत्राला जिवंत करतात. बाराव्या शतकातील सेक्किळारच्या 'पेरियपुराणा'त ती आहे, आणि चेन्नईस मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात या राजाचा पुतळाही आहे. न्यायाला पुत्रप्रेम आड येऊ नये हे सांगणारी ही फिरस्ती कथा आहे. ज्या राजाविषयी लोकांना आदर वाटतो त्याच्या दारी ती जाऊन बसते. अहिल्यादेवींच्या दारी ती आली हा त्यांच्या न्यायप्रियतेचा गौरवच होय.

पण येताना तिच्यात एक फेर पडला, आणि तो माझ्या मते या आख्यानातला सर्वांत मोलाचा भाग आहे. तिरुवारूरची गाय न्याय मागते. इंदूरची गाय शिक्षा अडवते. तिकडे घंटा वाजवणारी फिर्यादी, इकडे वाट अडवून उभी राहिलेली आई. जिचे नुकसान झाले तीच म्हणते की हा रथ पुढे जाता कामा नये. शेवटी गावाने त्या जागेला जे नाव दिले ते रथाचे दिले नाही, लगामाचे दिले नाही, आडवी येण्याचे दिले. ज्या कोणी ही कथा माळव्यात प्रथम सांगितली त्याला ठाऊक होते की हिची नायिका गाय आहे. आम्ही श्रोते मात्र रथाकडे पाहत राहिलो.

आता खऱ्या मालेरावांकडे वळू. सर जॉन माल्कम १८१८ पासून माळव्यात होता, आणि १८२३ साली छापलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात त्याने येथील लोकांकडून ऐकलेली हकीकत नोंदली आहे. मालेरावांच्या मनाचा तोल मुळात ठीक नव्हता. वाड्यातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला ठार केले. तो निर्दोष होता असे मागाहून कळले. तेव्हापासून पश्चात्तापाने त्यांना अशी झटक्यांवर झटके येणारी व्यथा जडली की मेलेल्या कारागिराचे पिशाच अंगात शिरले आहे असे सर्वांनी मानले. माल्कम लिहितो, आई रात्रंदिवस अंथरुणाशेजारी बसून होती. ती त्या पिशाचाशी बोलत होती. तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, माझ्या मुलाला सोड, अशी विनवणी करीत होती. उत्तर एकच ऐकू येई : मी निरपराध असता याने मला मारले, मी याचा जीव घेईन. त्या दुखण्यातच मालेराव गेले. वय बाविशीच्या आसपास. आईने मुलाला मारविले असा प्रवाद पुढे उठला होता. माल्कमने त्याची चौकशी केली आणि तो खोटा ठरवला.

हा पुरावा ऐकीव आहे आणि पन्नास वर्षांनंतरचा आहे, हे मी विसरत नाही. न्यायालयात तो कितपत टिकेल हा प्रश्न आहे. पण दोन हकीकती शेजारी ठेवल्या तर माणसाच्या ओळखीची कोणती, हे कळायला न्यायालय लागत नाही. याच मातेने १७९१ साली सती जाणाऱ्या मुक्ताबाईला, आपल्या एकुलत्या उरलेल्या लेकीला, परोपरीने विनवले होते. आणि लेकीचे अग्निदिव्य पाहून झाल्यावर तीन दिवस अन्न घेतले नव्हते. तीही नोंद माल्कमचीच. लगाम हाती धरून निर्विकार बसलेली आई या बाईशी जुळत नाही. अंथरुणाशेजारी बसलेली जुळते.

मग आख्यानाने अंथरूण टाकून रथ का उचलला? मला याचे एक उत्तर आमच्या भाषेत दिसते. मराठीत माणूस शिक्षा भोगतो आणि दुखणेही भोगतो. क्रियापद एकच. "काय भोग आले बिचाऱ्याच्या वाट्याला" असे आपण आजाऱ्याविषयी म्हणतो तेव्हा त्या दयेच्या पोटात एक निवाडाही दडलेला असतो. ही खोड केवळ आपली नाही. इंग्रजीत वेदनेला जो शब्द आहे तो दंड या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे. वेदना दिसली की माणूस गुन्हा शोधू लागतो. या जन्मी सापडला नाही तर मागच्या जन्मी. आजारी मुलगा आणि असहाय आई ही हकीकत ऐकवत नाही, कारण तिच्यात निवाडा नाही. अपराधी मुलगा आणि न्यायी आई ही ऐकवते. लोकांनी दुखण्याचे रूपांतर अपराधात केले आणि शुश्रूषेचे रूपांतर न्यायदानात केले, तेव्हाच ती हकीकत कीर्तनात उभी राहू शकली.

येथे घरची गोष्ट सांगणे भाग आहे, एरवी सांगितली नसती. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिचे गुडघे आणि मनगटे सुजू लागली. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकणारा, कारण न सापडणारा असा सांध्यांचा दाह मुलांना होतो, ही माहिती मला तोवर नव्हती. संधिवात म्हणजे आजीचे दुखणे, एवढेच मी जाणत होते. औषधांनी सूज उतरली, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. दुखणे मात्र राहिले. सकाळी अंग आखडलेले असे, ती जिना धरून उतरे. आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणीबरोबर हसत फिरताना दिसे. मी वकील. मला दोन जबाबांतील विसंगती दिसली.

मी उलटतपासणी घेऊ लागले. काल गेलीस ना, मग आज काय झाले? शाळेच्या दिवशीच कसे दुखते? दहापैकी किती दुखते सांग. काल सहा म्हणालीस, मग आज आठ का? शिक्षक विचारत, नातेवाईक विचारत, आणि मीही त्यांच्या बाजूने विचारी. पुढे मला स्वतःची लाज वाटली, आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. दर तासाला विचारी, "दुखतंय का गं? गुडघा कसा आहे? मनगट?" ती बोलण्याआधी तिच्या चालीकडे पाही. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आई, तू मला विचारतेस की गुडघ्याला?"

त्या वर्षीच्या पुण्यतिथीला मी देवळात बसले होते. रथाचे आख्यान आले, आणि माझे हात उचलले नाहीत. लगाम हाती असलेली ती बाई मला फार ओळखीची वाटली.

घरी येऊन माल्कमचे ते पान मी पुन्हा काढले, आणि त्यातले एक वाक्य प्रथमच नीट वाचले. आई पिशाचाशी बोलत होती. तिची माया निःसंशय थोर. ती उठून गेली नाही, मुलाचे दुखणे खोटे आहे असे म्हणाली नाही, दौलत देऊ केली. पण त्या सर्व रात्रींत ती मुलाशी काय बोलली, याची नोंद नाही. कदाचित बोलली असेल आणि सांगणाऱ्यांना ते सांगण्याजोगे वाटले नसेल. कदाचित त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलाच्या तोंडून मुलगा बोलतच नाही असे तिला वाटले असेल. तिला दोष द्यायला मी बसलेली नाही. एवढेच म्हणते की दुखण्याशी बोलता बोलता दुखणेकऱ्याशी बोलायचे राहून जाणे हे प्रेमातूनही घडते, आणि ते आमच्या घरांत आजही घडते. वैद्यापुढे मूल बसलेले असते आणि त्याच्या डोक्यावरून आईबाप बोलत असतात. चौदा-पंधराचे मूल ते ऐकते, आणि हळूहळू सांगायचे सोडून देते.

या बाबतीत आमचा कायदा घरातल्या रूढीपेक्षा समंजस आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या चौदाव्या कलमात मनाच्या स्थितीबरोबर शरीराची स्थिती आणि शारीरिक संवेदना यांविषयीच्या गोष्टी ग्राह्य धरल्या होत्या; आजाऱ्याने आजारपणात आपल्या लक्षणांविषयी काढलेले उद्गार हे त्यातलेच एक उदाहरण होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हे तत्त्व त्यातही कायम आहे. केवळ वय कोवळे म्हणून साक्षीदार अपात्र ठरत नाही, हेही दोन्ही कायद्यांत आहे. वेदनेच्या प्रकरणात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच असतो. त्याला खोटा ठरवले तर प्रकरणात काहीच उरत नाही.

वैद्यकही याच निष्कर्षाला आले आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारून घेतली आणि सोबत स्पष्ट लिहिले की माणूस मला वेदना होते असे म्हणतो तेव्हा त्या म्हणण्याचा मान राखावा. इजा दिसलीच पाहिजे अशी अट नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुनाट वेदनेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला केवळ औषध पुरत नाही. शरीराची हालचाल, मनाची उभारी आणि औषध या तिन्ही वाटा मुलाला आणि कुटुंबाला बरोबर घेऊन चालाव्या लागतात, असा त्याचा आशय. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. सूज ओसरली तरी इशारा वाजत राहतो. म्हणून तपासणीचा कागद स्वच्छ आला आणि मूल कण्हत राहिले तर दोन्ही खरे असू शकतात. संध्याकाळी हसत फिरणे ही सकाळच्या दुखण्याविरुद्धची साक्ष नव्हे. त्या हालचालीची त्याला गरज असते. आणि दर तासाला दुखण्याची विचारपूस केली तर मुलाचे सारे लक्ष तेथेच खिळून राहते, हेही मला उशिरा कळले.

देवाधर्माचा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांपुढे टाळून चालणार नाही. माझे सासर गोव्याकडचे. मुलीचे दुखणे लांबले तेव्हा सासूबाईंनी कुलदेवतेच्या देवळात कौल लावायला सांगितले. माझी बुद्धी तेव्हा कुरकुरली. पण कौल लावण्यापूर्वी त्यांनी नातीला जवळ घेतले, अंगावरून हात फिरवला आणि विचारले, "खंय दुखता गो तुका?" किती दुखते, का दुखते, केव्हापासून, हे काही नाही, कुठे, एवढेच. पोरीने दाखवले. त्यांनी तेथे हात ठेवला, आणि मग त्या देवाकडे वळल्या. कौलाचे फूल उजवीकडून पडले की डावीकडून, हे मी आज सांगणार नाही. त्यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. सासूबाईंचा क्रम मात्र मी मानते : आधी लेकरू, मग देव. देवापुढे आपण आपल्या मुलाचे वकील म्हणून उभे राहत असू, तर वकिलाने आधी अशिलाचे ऐकावे हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. मुलाचे न ऐकता त्याच्या पूर्वजन्मीचा अपराध मान्य करून टाकणारा वकील अशिलाचा घात करतो. देवळाच्या ओसरीवर "प्राक्तन हो" असे सहज म्हणणाऱ्या भल्या माणसांना माझी एवढीच विनंती आहे की समोर उभ्या असलेल्या पोराला ते वाक्य आरोपपत्रासारखे ऐकू येते.

याउलट कोणी म्हणेल, की आई गायीसारखी आडवी येऊ लागली तर मूल जगाच्या रस्त्यावर कधी उतरणार? आक्षेप खरा आहे. मी शाळेला आडवी आले, सहलीला आडवी आले, आणि तेव्हा मुलगी अधिक आक्रसली. पण कथा नीट पाहावी. गाय त्या मुलाच्या वाटेत आडवी आलेली नाही. ती रथाच्या आडवी आली. मुलाला तिने उठवून चालवले नाही, त्याचा अपराधही पुसला नाही. त्याला चिरडायला निघालेले चाक तेवढे थांबवले. आईबापांनी कोठे आडवे यावे आणि कोठून बाजूला व्हावे याचा इतका नेमका दाखला मला दुसरीकडे मिळालेला नाही. संशयाच्या आड यावे, शेऱ्याच्या आड यावे, आणि स्वतःच्या हातातल्या लगामाच्याही आड यावे. मुलीच्या चालण्याच्या आड येऊ नये.

तेव्हा आख्यान बंद करा असे मी म्हणत नाही. ते इंदूरचे आहे, ते राहावे. कीर्तनकारांना नम्र सूचना एवढीच की रथाशी थांबणारा आपला ठेका जरा पुढे न्यावा आणि गायीशी थांबवावा. आणि जमल्यास, पूर्वरंगात म्हणा की उत्तररंगात, त्या अंथरुणाशेजारच्या रात्रीही सांगाव्यात. अहिल्यादेवींची थोरवी त्याने उणावणार नाही. घाट, देवळे, धर्मशाळा त्यांनी कितीतरी बांधल्या. पण जी आई मुलाला वाचवू शकली नाही आणि तरी उठून गेली नाही, ती आमच्या घरांतल्या कितीतरी आयांना अधिक जवळची वाटेल.

गेल्या श्रावणात मुलगी म्हणाली की मलाही कीर्तनाला यायचे आहे. सतरंजीवर दोन तास मांडी घालून बसणे तिला शक्य नव्हते, म्हणून मी घरून एक खुर्ची नेली. देवासमोर खुर्चीवर बसतात का, असे एका वृद्ध गृहस्थांनी विचारले. वाईट हेतूने नव्हे, रीत म्हणून. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण मुलीनेच सांगितले, "काका, माझे गुडघे दुखतात. खाली बसले तर उठता येत नाही." ते क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनी स्वतः खुर्ची उचलून खांबाजवळ ठेवली, जेथून बुवा नीट दिसतात. आख्यान तेच लागले. गाय आडवी आली तेव्हा मुलगी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, गायीला कोणी विचारलं का, तिचं कुठे दुखतंय?" मला त्याचे उत्तर अजून सुचलेले नाही.